टोळीची परीक्षा

तुमच्या घरच्या शेतात, किंवा शेत विकून झालं असेल तर आजोबांच्या बोलण्यातल्या शेतात, भांगलायला, म्हणजे खुरप्यानं तण काढायला, येणाऱ्या बायकांपैकी एकीचं तरी पूर्ण नाव तुम्हाला सांगता येईल? तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. घाई नाही. आठवून बघा.

ज्या बाईची ही गोष्ट आहे तिचं नाव मीही सांगणार नाही. मला ते माहीत आहे, पण तिनंच बजावून ठेवलंय. तुझ्यावर काहीतरी लिहिणार आहे असं मी म्हटलं, तेव्हा तिनं हातातलं खुरपं तळहातावर दोनदा चापटलं आणि चिकटलेली माती पाडली. नाही म्हणायच्या आधी ती नेहमी असं करायची. मग म्हणाली, "लिवायचं तर टोळीवर लिव. माझं एकटीचं नाव घातलीस तर बाकीच्या काय गवत उपटाय आलत्या व्हय?"

"गवतच उपटायला आल्या होत्या की, आक्का."

"मग माझं तरी निराळं काय हाय?" असं म्हणून ती हसली आणि विषय संपला.

कोल्हापूरजवळच्या कोडोलीत सगळे तिला आक्काच म्हणायचे. तिच्याहून वयानं मोठे असलेलेही. भांगलणीला जाणाऱ्या बायकांच्या एका टोळीची ती म्होरकी होती. सकाळी दूध संस्थेच्या कोपऱ्यावर या बायका जमायच्या. साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल, बुट्टीत भाकरीचं फडकं आणि खुरपं. ज्याला बायका हव्यात तो आक्काला फोन करायचा. ती फोन कानाला न लावता तोंडासमोर धरून बोलायची, त्यामुळं सगळा सौदा सगळ्या कोपऱ्याला ऐकू जायचा.

"पावणं, तुमच्या रानात गवत हाय का गवतात रान हाय, ते आदी ठरवा. मग बाया मागा."

पलीकडून काहीतरी अजिजीचं यायचं.

"उद्या कशाच्या? उद्या आमी तुमच्या चुलतभावाकडं हाय. त्यो तुमच्याआदी जागा झालाय."

बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. आक्का हसायची नाही. सौदा चालू असताना हसलं की भाव पडतो, असं तिचं मत होतं.

तिचं माहेर शाहूवाडीकडचं, डोंगरातलं. तिकडं भाताची रोपं लावायला गुडघाभर चिखलात बायका एका ओळीत उतरतात आणि ओळ वाकडी झाली की सगळ्यांनाच दिसतं. तिथली सवय तिनं इकडं सोयाबीनात आणि उसात आणली होती. भांगलताना प्रत्येक बाईनं आपापल्या अंगापुरता पट्टा धरायचा, त्याला पात म्हणतात. सगळ्या एका बांधाकडून निघतात आणि समोरच्या बांधाला पोचतात. हात चलाख असेल ती पुढं जाते, गुडघे दुखत असतील ती मागं राहते. दुसऱ्या टोळ्यांत पुढं गेलेली बाई बांधावर बसून तंबाखू मळते. आक्काच्या टोळीत बसायला बंदी होती. जी आधी पोचेल तिनं तिथूनच वळायचं आणि जी मागं राहिली तिच्या पातीला समोरून लागायचं. दोघींची खुरपी मधे कुठंतरी एकत्र आली की पात संपली. पगार सगळ्यांना सारखा. चहा सगळ्या बांधाला टेकल्यावर.

"आदी पोचली म्हून काय बक्षीस हाय व्हय?" हे तिचं वाक्य. रोज कुणाला ना कुणाला तरी ऐकावं लागायचं. बहुतेकदा सुनीताला. सुनीता टोळीतली सगळ्यांत लहान. लहान म्हणजे तिची पोरगी कॉलेजात होती. तिचा हात मशीनसारखा चालायचा आणि ती नेहमी पहिली पोचायची. वळताना ती पुटपुटायची, "मी काय सगळ्या गावाची पात काढाय जन्माला आलो काय." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल आलो, गेलो असंच म्हणतात. पण पुटपुटत का होईना, ती वळायची.

आणि बहुतेकदा ती वळायची शेवंताकाकीच्या पातीकडं. शेवंताकाकीच्या उजव्या हाताची दोन बोटं कडबाकुट्टीच्या यंत्रात सापडून वाकडी झाली होती. ती खुरपं डाव्या हातानं धरायची. सावकाश चालायची. बोलायची त्याहून सावकाश.

मी या बायकांना ओळखू लागले ती कामाच्या निमित्तानं. कोल्हापुरात एका खाजगी संस्थेचं कौशल्य केंद्र होतं, तिथं मी मोबिलायझर होते. म्हणजे गावोगाव फिरून प्रशिक्षणाला माणसं गोळा करायची. आमचं घर चळवळीतलं, मी लहानपणापासून पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून जेवले आहे, त्यामुळं दारोदार कागद वाटायचा मला संकोच नव्हता. तेव्हा केंद्रात नवा कोर्स आला होता. बॅटरीवरचा फवारणी पंप आणि पॉवर वीडर चालवणं, म्हणजे ओळीतलं तण काढणारं पेट्रोलवरचं छोटं यंत्र. शेतीला आता मजूर नकोत, कुशल मनुष्यबळ हवं, असं आमच्या पत्रकावर छापलेलं होतं.

ते पत्रक आक्कानं सुनीताकडून दोनदा वाचून घेतलं. मला वाटलं ती मला हाकलून देईल. पण तिनं विचारलं, "ह्यो कागुद मिळतोय काय? फोटू चिकटवलेला?"

"प्रमाणपत्र? मिळतं की. परीक्षा द्यावी लागते."

"सगळ्यास्नी मिळतोय?"

"पास होईल तिला मिळतं."

कागद तिला का हवा होता ते लगेच कळलं. त्याच आठवड्यात एक फवारणीचा ठेकेदार त्याच कोपऱ्यावर येऊन सांगून गेला होता. मळ्याकडच्या बऱ्याच शेतकऱ्यांनी तणाचं सगळं काम हंगामासाठी एकत्र त्याला दिलं होतं. कुठं औषध मारायचं, कुठं यंत्र फिरवायचं, ते तो बघणार. माणूस वाईट नव्हता. टोळीला ओळखत होता. त्यानं सरळ सांगितलं, माझ्या वरच्या कंपनीला सर्टिफिकेटवाली माणसं लागतात. तुम्ही सगळ्या काढून आणलात तर अख्खी टोळी ठेवतो. नाहीतर मला बाहेरनं पोरं आणायला लागतील.

म्हणजे मामला एवढाच होता. कागद मिळाला तर टोळी राहणार, नाहीतर मोडणार. आक्काला बाकी काही नको होतं. यंत्राची हौस नव्हती, पगार वाढावा म्हणूनही ती आली नव्हती. तिला त्या बायका एकत्र हव्या होत्या. घरात तिच्या कुणी नव्हतं असं नाही. मुलगा होता, चाकणला कंपनीत. पण मुलगा फोनवर होता आणि बायका रोज होत्या.

तिनं अट घातली, "टोळी येईल. एकेकटी न्हाय." आमच्या केंद्रात आनंदीआनंद झाला. एका गावातून एका फटक्यात अख्खी बॅच.

वर्गाचा पहिला दिवस मला नीट आठवतो. बायका बाकांवर बसल्या होत्या, पाय कुठं ठेवायचे ते न कळून. शिकवायला एक तरुण सर होते, कृषी पदविका झालेले, स्वभावानं गरीब. पुस्तिकेतला पहिला धडा होता संघभावना.

"संघभावना म्हणजे काय, कोण सांगेल?" सरांनी विचारलं.

मग सुनीता म्हणाली, "सर, त्ये मशीन आज दावणार काय उद्या?"

सरांनी समजावलं. क्रिकेटचं उदाहरण दिलं. अकरा जण असतात, एक जण बॅटिंग करतो, बाकीचे त्याला साथ देतात.

आक्का विचार करून म्हणाली, "म्हंजे एकजण खेळतोय आनि बाकीची उन्हात हुबी? आनि पगार?"

सर हसले. त्यांनी धडा संपवला आणि पंप उघडायला घेतला. पुढं त्यांनी त्या पुस्तिकेला हात लावला नाही. मला वाटतं त्यांनाही बरं वाटलं असावं.

बायका शिकल्या. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण गावातल्या अनेकांनी नंतर सांगितलं की या वयात कसलं शिकणं. शिकल्या. पॉवर वीडर पहिल्यांदा चालू झाला तेव्हा आक्कानं दोन्ही हातांनी मूठ धरली आणि यंत्र तिला ओढत मैदानाच्या टोकापर्यंत घेऊन गेलं. ती मागून ओरडत होती, "आरं थांब की मुडद्या, कुठं जातोयास?" सर पळत जाऊन बटण बंद करून आले. दुसऱ्या दिवशी तीच आक्का यंत्राला सरळ ओळीत फिरवत होती आणि तरीही त्याच्याशी बोलत होती. न बोलता काम करणं तिला जमायचंच नाही.

अडचण फक्त शेवंताकाकीची होती. फवारणीच्या पंपाचं पुढचं तोंड, नोझल, ते उघडून धुऊन परत बसवायचं असतं. आत एक बारकी जाळी आणि रबरी चकती. वाकड्या बोटांत ती चकती राहायचीच नाही. पडायची, घरंगळायची, मग सगळ्या बाकाखाली शोधायच्या. कोडोलीला परत आल्यावर देवळाच्या कट्ट्यावर बसून बाकीच्या बायका काकीचा सराव घ्यायच्या. आक्कानं घरातली औषधाच्या बाटलीची झाकणं आणली होती. "ह्ये फिरीव. आता ह्ये फिरीव." काकी फिरवायची. कधी जमायचं, कधी नाही. न जमल्यावर ती एकच सांगायची, "मला रानात ठेवा. मशीन तुमी करा." आणि आक्का म्हणायची, "गप बस. सगळ्यास्नी कागुद मिळणार हाय."

परीक्षेच्या दिवशी बायका लग्नातल्या साड्या नेसून आल्या. अंगावर शर्ट नव्हते, म्हणून मला त्या ओळखूच येईनात. परीक्षक पुण्याहून आले होते. हातात टॅब. आधी प्रत्येकीचा फोटो, मग आधार कार्ड, मग अंगठा. केंद्राच्या मागच्या शेडमधे ओळीनं टेबलं मांडली होती. प्रत्येक टेबलावर एक पंप. नोझल उघडायचं, साफ करायचं, परत बसवायचं, साधं पाणी भरून आखलेल्या पट्ट्यावर मारून दाखवायचं. परीक्षकांनी सूचना वाचून दाखवल्या. आपापलं काम आपापलं. कुणाशी बोलायचं नाही. बायकांनी माना डोलावल्या.

सुरुवात चांगली झाली. सुनीताचा पंप बघता बघता जोडून झाला. ती पाणी मारून आली. मग आक्का. मग बाकीच्या एकेक. मी दाराशी उभी होते आणि मनातल्या मनात प्रमाणपत्रं वाटत होते. पहिल्या टेबलावर शेवंताकाकी अजून नोझलशीच झगडत होती. तिची चकती दोनदा पडली होती.

तेव्हा सुनीता वळली.

तिनं कुणाकडं बघितलं नाही, कुणाला खूण केली नाही. स्वतःचं काम झालं, मागं एक बाई राहिलीय, एवढंच तिच्या अंगाला कळलं. ती चालत काकीच्या टेबलाच्या समोरच्या बाजूला गेली आणि नोझल धरलं. तिच्या मागून दुसरी गेली, तिनं चकती उचलली. मग आक्का गेली आणि जाळी बसवायला लागली. कुणाच्या ध्यानातही आलं नाही की ही परीक्षा आहे. काकीचा पंप जोडून झाला तेव्हा तिच्या टेबलाभोवती अख्खी टोळी होती आणि आक्का म्हणत होती, "हां, झालं. चला."

परीक्षकांनी टॅब खाली ठेवला.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर मला आज लिहायला सोपं गेलं असतं. ते थकलेले होते आणि त्यांना अजून दोन केंद्रांवर जायचं होतं. त्यांनी सरांना बाजूला घेतलं, सरांनी मला बोलावलं. नियमानं ही सामूहिक कॉपी होते, ते म्हणाले. पण त्यांनी सगळ्यांचं काम आधी बघितलेलं आहे. बाकीच्यांनी आपापलं स्वतः केलंय, त्या पास. त्या पहिल्या बाईला मात्र जमलेलं नाही, तिला नापास टाकतो आणि पुढं जाऊ. विषय इथंच संपवू.

"आणि टोळी म्हणून काही करता येणार नाही का?" मी विचारलं.

त्यांनी मला टॅब दाखवला. "मॅडम, एकेकीचाच फोटो घेतो हा. ग्रुपसाठी यात रकानाच नाही. मी कुठं भरू?"

हे आक्काला सांगायची जबाबदारी माझ्यावर आली. मी सांगितलं. सगळ्या ऐकत होत्या. शेवंताकाकी लगेच म्हणाली, "बरं झालं. मी फेल. तुमी घ्या कागुद." तिच्या आवाजात सुटका होती, मला ती स्पष्ट ऐकू आली.

आक्काच्या हातात खुरपं नव्हतं. तिनं तळहातावर नुसताच हात दोनदा आपटला.

"तिला सोडून आमी पास?"

"हो, आक्का. ठेकेदाराला एक कमी असली तर चालेल बहुतेक. मी बोलते त्याच्याशी."

"मग सगळ्याच फेल लिवा."

परीक्षकांना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. त्यांनी परत विचारलं. तिनं परत तेच सांगितलं, जरा मोठ्यानं, फोनवर सौदा करताना बोलायची तशा आवाजात. मी टोळीकडं बघितलं. आक्का बोलल्यावर त्या टोळीत कुणी बोलायची पद्धत नव्हती. परीक्षकांनी थोडा वेळ वाट बघितली आणि टॅबवर बोट फिरवलं.

कोडोलीच्या गाडीसाठी आम्ही स्टँडवर उभ्या होतो तेव्हा सुनीता बोलली. आधी हळू.

"आक्का, आमास्नी इचारलीस?"

"काय इचारायचं?"

"माझ्या पोरीची फी हाय. मी सकाळपास्नं उपाशी हाय. पंप मी पयला जोडलो. फेल व्हायाचं का न्हाय ह्ये मला इचारलीस?"

"शेवंताला सोडून..."

"शेवंताकाकीच म्हणत हुती सोडा म्हून. तिचं तरी ऐकलीस?" सुनीताचा आवाज आता चढला होता, लोक वळून बघत होते. "रोज वळतोय मी. रोज. तू सांगतीस म्हून वळतोय. आज मी आपणहून वळलो, आनि त्याचंच ह्ये केलीस."

गाडी आली. सगळ्या चढल्या. मी खाली राहिले, माझं काम तिथं संपत होतं.

पुढचं सांगायला फार नाही. ठेकेदारानं बाहेरून पोरं आणली. ती पोरंही कुणाचीतरी मजूरच होती. पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, पायात स्लिपर. त्यांच्याकडं कागद होते, हातमोजे नव्हते. जिथं टोळीला आठवडा लागायचा तिथं ती पोरं औषध मारून निघून जायची. तण पिवळं पडायचं आणि बांधावर कुणी चहाला बसायचं नाही.

सुनीता एमआयडीसीतल्या पॅकिंगच्या कामाला लागली. कंपनीची बस तिला त्याच दूध संस्थेच्या कोपऱ्यावरून नेते. मी एकदा तिला फोन केला. ती म्हणाली, "बरं हाय. उन्हात न्हाय. बेल्टवरनं खोकी येत्यात. बाजूची बाई मागं पडली तरी मला हात लावाय येत न्हाय, सुपरवायझर वरडतोय." मग म्हणाली, "आक्का कशी हाय?" मी सांगितलं तूच जाऊन बघ की, तुझ्या घरापासून किती लांब आहे. ती म्हणाली, "बघू." गेली नाही.

शेवंताकाकीला भेटायला मी इचलकरंजीला गेले. तिची लेक तिथं यंत्रमागाच्या शेडजवळ राहते, घरात सुताच्या कांड्या भरते, आणि काकी लेकीची पोरं सांभाळते. मागांच्या खडखडाटात बोलायचं तर तोंड कानाजवळ न्यावं लागत होतं. मला वाटलं होतं ती आक्काची आठवण काढून रडेल. काकी रागावलेली होती. इतक्या सावकाश बोलणाऱ्या बाईला रागावलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

"मी फेल झालो आसतो तर घरी बसलो आसतो," ती म्हणाली. "कुणाला काय वाटलं नसतं. चार दिवस हळहळल्या आसत्या. आता सगळ्यांचं काम माझ्यापायी गेलं. कोडोलीत मी कुठल्या तोंडानं जाऊ? आक्कानं मला वर उचललं न्हाय, पोरी. माझ्या डोस्क्यावर टोळी ठेवली आनि गेली."

मी ते आक्काला सांगितलं नाही. तिला ते माहीत होतं असं मला वाटतं.

तिची आणि माझी शेवटची भेट उसाच्या बांधावर झाली. ती एकटी होती. बाकीच्या बायकाही एव्हाना मिळेल त्या कामाला पांगल्या होत्या. एकट्या बाईला भांगलायला कुणी बोलवत नाही. कुणीतरी दया म्हणून तिला बांधावरचं गवत कापायला सांगितलं होतं. मला बघून ती उठली नाही, जागा करून दिली. मी विचारलं, आक्का, परत तसाच प्रसंग आला तर काय करशील?

तिनं कापलेल्या गवताची पेंढी बाजूला सारली.

"इचाराय पायजे हुतं," ती म्हणाली. "सुनी बरोबर हुती. मी इचारलो न्हाय. रानात कोण इचारतंय? मागं ऱ्हायली बाई की जायाचं, संपलं. त्या टायमाला मला वाटलं रानातच हाय."

"पण त्यांनी तरी टोळीची परीक्षा एकेकटीची का घ्यायची?" मी तावातावानं म्हटलं. माझ्याकडं तेव्हा बरेच मुद्दे होते. कामं एकत्र करून घ्यायची आणि कौशल्य मात्र एकटीच्या अंगठ्याला चिकटवायचं, असं बरंच काही मी बोलले. बोललेलं सगळं खरं होतं आणि आजही खरं आहे.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्ये लिव तू. चांगलं बोलतीस. पर त्यानं सुनी येणार न्हाय."

त्यानंतर ती कोडोलीतून गेली. मुलानं चाकणला नेलं. तिसऱ्या मजल्यावरची खोली आहे म्हणे. फोन लावला तर सून उचलते आणि आत्याबाई झोपल्यात म्हणून सांगते. आक्का दिवसा झोपते हे ऐकून मी पुढं काही विचारलंच नाही.

मागच्या पावसाळ्यात मी तिच्या घरावरून गेले. दाराला कुलूप होतं. मागं परड्यात गेले तर सगळं पिवळं. गवत पिवळं, अळूची पानं पिवळी होऊन जमिनीला चिकटलेली, पुदिन्याच्या काड्या, कारल्याचा वेल तारेवर वाळलेला. शेजारीण बाहेर आली. म्हणाली, "लई माजलं हुतं हो. साप निघाय लागलं. म्हून पोरास्नी सांगून औषध मारून घेटलं." मग तीच म्हणाली, "दोन बाया आल्या आसत्या तर तासाभराचं काम. पर बाया कुठं हायत आता?"

शेतीला माणूस मिळत नाही, असं तुम्ही रोज वाचता. व्यासपीठावरून ऐकता. कुशल मनुष्यबळाची टंचाई, तरुणांची पाठ, प्रशिक्षणाची गरज. मी असल्या सभांना जाते आणि मागच्या खुर्चीवर बसून ऐकते. शेतात शेवटपर्यंत जी माणसं होती त्यांना काय शिकायचं आहे, हे विचारणारा एकही माणूस मी तिथं बघितला नाही. कसं शिकायचं आहे, कुणाच्या सोबतीनं शिकायचं आहे, हे तर लांबच राहिलं. आता विचारायला गेलं तर कोपऱ्यावर कुणी नाही. तिथं कंपनीची बस थांबते.

तरी एक मागणं आहे. तुमच्या गावात अजून एखादी टोळी असेल, तीन बायकांची का असेना, तर तिच्याकडं जा आणि विचारा, तुम्हाला काय शिकायचंय? प्रत्येकीला विचारा, म्होरकीला एकटीला विचारून परत येऊ नका. मग पुढच्या ग्रामसभेला उभं राहून ठराव मांडा, की यापुढं आमच्या गावात शेतीकामाचं जे काही प्रशिक्षण येईल त्याची परीक्षा एकेकटीची न घेता अख्ख्या टोळीची मिळून घ्यावी. तुमच्यावर हसतील. बहुधा ठराव पडेल, हे मला दिसतंय. तरी तो मांडा, आणि मतदानाला घेतला की हात वर करा.